न ठणकणारे गळू

उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऐन आंब्यांच्या दिवसांत, तुमच्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी गळू झाले असेल. गळू नाही तर निदान केसतूड तरी झालेच असेल. पहिल्या दिवशी कातडीखाली नुसती टणक गाठ हाताला लागते. दुसऱ्या दिवशी ती लाल होते व गरम लागू लागते. रात्री असा ठणका लागतो की या कुशीवरून त्या कुशीवर वळता येत नाही. "आणखी खा आंबे!" असे आजी बजावते आणि गरम पोटीस बांधले जाते. तीनचार दिवसांत गळू पिकते, फुटते, पू वाहून जातो आणि आपण सुटलो म्हणतो.

आता एक प्रश्न विचारतो. समजा, एखाद्या मुलाच्या मानेवर चांगले पेरूएवढे गळू आले. आत पू साठला. पण ते लाल झाले नाही, गरम लागले नाही, ठणकलेही नाही. मुलाला ताप नाही. तो रोजच्यासारखा शाळेत जातो आहे, खेळतो आहे. हे लक्षण चांगले की वाईट?

"त्रास नाही ना, मग चांगलेच!" असे उत्तर बहुतेकजण देतील. हे उत्तर चूक आहे. ते चूक का, हे कळायला डॉक्टरांना आणि शास्त्रज्ञांना चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्या शोधाची आणि त्यातून निघालेल्या उपचारांची ही हकीकत आहे.

ठणका कशासाठी?

रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे सांगून ठेवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. दोन हजार वर्षांनंतर आजही वैद्यकाचे विद्यार्थी हीच चार लक्षणे पाठ करतात.

ही लक्षणे कशी निर्माण होतात ते पाहू. कातडीवरच्या बारीकशा ओरखड्यातून किंवा केसाच्या मुळाशी जंतू आत शिरले, की तेथल्या पेशी धोक्याची सूचना देणारी रसायने सोडतात. जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. जास्त रक्त येते, म्हणून जागा लाल दिसते व गरम लागते. रक्तवाहिन्यांच्या भिंती किंचित सैल होऊन त्यांतून द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. हीच रसायने आणि सुजेचा दाब यांमुळे मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, म्हणून ठणका लागतो.

या सैल झालेल्या भिंतींमधून आणखीही काहीतरी बाहेर पडते, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी पेशींमधील फटींतून अंग चोरून बाहेर येतात आणि जंतूंच्या दिशेने सरकत जातात. तुमच्या हाडांतील मगज अशा सुमारे १०,००० कोटी पेशी दररोज तयार करतो. त्या जंतूंना गिळतात, मारतात आणि स्वतःही मरतात. मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले ऊतक यांचे मिश्रण म्हणजेच पू.

म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही जंतूंनी केलेली करामत नव्हे. ती आपल्याच शरीराने मांडलेल्या लढाईची लक्षणे आहेत. स्कॉटिश शल्यवैद्य जॉन हंटर याने हे फार पूर्वी ओळखले होते. दाह हा स्वतः रोग मानू नये, तो शरीराच्या हिताची क्रिया आहे, असे त्याचे मत होते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ साली प्रसिद्ध झाला.

द्राक्षांच्या घोसासारखे जंतू

गळवातले हे जंतू कोणते, याचा शोध स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन याने लावला. १८८०च्या सुमारास त्याने गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला बारीक गोल जंतूंचे पुंजके दिसले, जणू द्राक्षांचे घोसच. ग्रीक भाषेत द्राक्षांच्या घोसाला 'स्टॅफिली' म्हणतात. त्यावरून त्याने या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. पुढे १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रोझेनबाख याने त्यांपैकी सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, असे म्हटले. गळू, केसतूड, नखुरडे यांत बहुधा हाच जंतू असतो. निरोगी माणसांपैकी जवळजवळ तीस टक्के लोकांच्या नाकात तो कोणताही त्रास न देता राहत असतो. उन्हाळ्यात घाम आणि कपड्यांचे घर्षण यांमुळे कातडी हुळहुळी झाली की त्याला आत शिरायला वाट मिळते. तेव्हा आजीची क्षमा मागून सांगायला हवे की दोष आंब्याचा नाही!

ऑग्स्टनने आणखी एक गोष्ट नोंदली. लाल, तापलेल्या, ठणकणाऱ्या गळवांत हे जंतू सापडले. पण काही गळवे हळूहळू वाढतात, त्यांत पू असूनही ती गरम लागत नाहीत. शल्यवैद्य त्यांना 'थंड गळू' म्हणत. अशा थंड गळवांत ऑग्स्टनला त्याचे जंतू आढळले नाहीत. थंड गळू बहुधा क्षयाच्या जंतूंमुळे होते, हे पुढे कळले. तेव्हापासून सर्वांच्या मनात एक नियम पक्का बसला : गरम गळू स्टॅफिलोकॉकसचे, थंड गळू क्षयाचे.

आणि मग या नियमाला अपवाद सापडला.

सिअ‍ॅटलच्या दोन मुली

१९६६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील तीन डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. डेव्हिस, शालर आणि वेजवुड ही त्यांची नावे. त्यांनी दोन मुलींची हकीकत दिली होती. त्यांचे एकमेकींशी नाते नव्हते. दोघींच्या अंगावर लहानपणापासून इसब होते, वारंवार फुप्फुसांचे विकार होत आणि मोठमोठी गळवे येत. नवल असे की ही गळवे थंड होती, आणि तरीही त्यांतील पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियसच होता.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जन माणसाची कथा आहे. त्याच्या श्रद्धेची परीक्षा पाहण्यासाठी त्याला तळपायापासून डोक्यापर्यंत गळवांनी पछाडले जाते. ईयोबाला इंग्रजीत 'जोब' म्हणतात. त्या डॉक्टरांनी या विकाराला जोबचेच नाव दिले, आणि तेव्हापासून तो 'जोबचा विकार' म्हणून ओळखला जातो.

दोन्ही मुलींचे केस तांबडे होते. या विकाराचा तांबड्या केसांशी संबंध असावा, असे काही काळ वाटले. नंतर निरनिराळ्या देशांत, काळ्याभोर केसांच्या माणसांतही तो आढळला. दोनच रुग्ण पाहून नियम बांधला तर कशी फसगत होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

त्याच सुमारास दुसरीकडे एक निराळाच शोध लागत होता. रक्तात एक नवे प्रतिपिंड असल्याचे १९६६ साली अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने दाखवले. स्वीडनमध्ये योहानसन व बेनिक यांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. त्याला 'इम्युनोग्लोब्युलिन ई', थोडक्यात आय-जी-ई, असे नाव मिळाले. निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी अल्प असते. १९७२ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रिबेका बकली व त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार गळवे होणाऱ्या दोन मुलांच्या रक्तात या प्रतिपिंडाचे प्रमाण विलक्षण वाढलेले पाहिले. पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले की सिअ‍ॅटलच्या मुली आणि ही मुले यांचा विकार एकच आहे. रोगाला ओळखखूण मिळाली. कारण मात्र अजून सापडायचे होते.

साहजिकच संशय न्यूट्रोफिल पेशींवर गेला. पण त्यांची संख्या पुरेशी होती. जंतू गिळण्याची व मारण्याची ताकदही बव्हंशी शाबूत होती. जंतूंकडे सरकण्याची त्यांची गती कधी मंद भरे, तर कधी अगदी नेहमीसारखी. सैनिक आहेत, शस्त्रे आहेत, मग लढाई का होत नाही?

न पडणारे दात

या कोड्याचा एक धागा अगदी अनपेक्षित जागी मिळाला : दातांत!

१९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधील संशोधकांनी अशा ३० रुग्णांची बारकाईने तपासणी केली. त्यांपैकी ७२ टक्के रुग्णांचे दुधाचे दात वेळेवर पडले नव्हते. तुमच्या दुधाच्या दाताखाली नवा दात आला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते आणि दात हलू लागतो. या रुग्णांत मूळ विरघळतच नव्हते. काहींच्या तोंडात दुधाचे व कायमचे दात अशा दोन रांगा होत्या. शिवाय किरकोळ धक्क्याने मोडणारी हाडे, वाकडा झालेला पाठीचा कणा आणि विशिष्ट ठेवणीचा चेहरा हेही अनेकांत आढळले.

गळू आणि दात यांचा काय संबंध? संबंध एवढाच की दोष केवळ पांढऱ्या पेशींत नसावा. शरीरातील अनेक प्रकारच्या पेशी जी एखादी समाईक वस्तू वापरतात, तीच बिघडलेली असावी.

दोघांची पालखी

ती वस्तू २००७ साली सापडली. जपानमध्ये मिनेगिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेत हॉलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वर्षी तिचा शोध प्रसिद्ध केला. तिचे नाव 'स्टॅट-३'. हे एक प्रथिन आहे आणि त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते.

स्टॅट-३चे काम निरोप्याचे आहे. शरीरातील पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. पण हे निरोप पेशीच्या दारापर्यंतच येतात. दारावर आलेला निरोप आत, केंद्रकापर्यंत, पोचवायचा कोणी? हे काम स्टॅट-३ करते. निरोप आला की स्टॅट-३च्या रेणूला फॉस्फेटचा बिल्ला चिकटवला जातो. असे दोन बिल्लेधारी रेणू जोडी करतात, केंद्रकात जातात आणि योग्य ती जनुके चालू करतात. एकट्या रेणूला हे काम जमत नाही. दोन भोई लागणाऱ्या पालखीसारखेच हे आहे.

आता गणित करून पाहा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. समजा, स्टॅट-३ची एकच प्रत बिघडलेली आहे. मग पेशीत निम्मे रेणू चांगले व निम्मे सदोष तयार होतील. "निम्मे चांगले आहेत ना, मग निम्मे काम होईल," असे तुम्ही म्हणाल. पण काम जोडीने चालते! दोन नाणी एकदम उडवली तर दोन्ही छापा पडण्याची शक्यता किती? चारात एक. तसेच दोन्ही रेणू चांगले असलेल्या जोड्या ढोबळमानाने चारात एकच. उरलेल्या तीन जोड्यांत निदान एक भोई लंगडा असतो आणि पालखी अडते. म्हणून एका प्रतीतील बिघाडसुद्धा हा रोग व्हायला पुरतो.

यावरून आणखी एक गोष्ट समजते. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. पुष्कळदा मात्र आईवडील निरोगी असतात आणि बिघाड त्या मुलातच नव्याने उद्भवलेला असतो. असा रुग्ण लाखांत एखादा, किंवा त्याहूनही विरळा.

गळू थंड का राहते?

आता मूळ कोडे सोडवता येईल. स्टॅट-३ नीट चालले नाही की तीन ठिकाणी निरोप अडतो.

पहिले ठिकाण म्हणजे टी-पेशी. कोवळ्या टी-पेशींना योग्य निरोप मिळाला तर त्यांपैकी काही 'टी-एच-१७' या नावाच्या खास पेशी बनतात. कातडीवरील जंतू व बुरशी यांच्यावर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम. जोबच्या विकारात या पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत, हे २००८ साली सिद्ध झाले.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द कातडी. कातडी म्हणजे नुसती भिंत नव्हे. टी-एच-१७ पेशींचा निरोप मिळाला की कातडीच्या पेशी जंतुनाशक प्रथिने पाझरू लागतात आणि न्यूट्रोफिल पेशींना हाकारणारी रसायने सोडतात. निरोप पाठवणारेच नाहीत. आणि जो थोडाफार निरोप दारापर्यंत येतो, तोही आत पोचत नाही. मग जंतुनाशक प्रथिने कोठून येणार?

तिसरे ठिकाण ताप व दाह यांचे. 'इंटरल्यूकिन-६' नावाचा निरोप शरीरभर दाहाची तयारी सुरू करतो. तोही स्टॅट-३मार्फतच पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. निरोप्या अडला की लाली, उष्णता, ठणका, ताप हे सारेच मंदावते.

मग न्यूट्रोफिल गळवापर्यंत येतात ते उशिरा, आणि तोवर जंतूंनी ठाण मांडलेले असते. पू साठतो, पण गाजावाजा होत नाही. भांडणाचा आवाज येत नाही, कारण घरमालकाला चोर शिरल्याचे कळलेलेच नसते.

पण हा रोग कातडी आणि फुप्फुसे यांनाच का पछाडतो? रक्तात सर्वत्र जंतू पसरल्याचे या रुग्णांत त्या मानाने क्वचितच दिसते. याचे उत्तर मिनेगिशी यांच्या गटाने २००९ साली दिले. शरीरातील इतर पुष्कळ पेशींना न्यूट्रोफिल बोलवायला दाहाचे नेहमीचे निरोप पुरतात. कातडीच्या आणि श्वासनलिकांच्या अस्तराच्या पेशींना मात्र त्यांच्या जोडीला टी-एच-१७ पेशींचा निरोपही लागतो. म्हणून तटबंदी नेमकी याच दोन जागी ढासळते.

उपचार : शरीराने करायचे ते आपण करायचे

रोग समजला की उपचाराची दिशाही समजते. या रुग्णाचे शरीर धोक्याची सूचना देत नाही आणि कातडीवर पहारा ठेवत नाही. तेव्हा सूचना दुसऱ्या कोणीतरी द्यायची आणि पहाराही दुसऱ्या कोणीतरी ठेवायचा.

पहारा ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे रोज घेण्याचे प्रतिजैविक औषध. त्यासाठी बहुधा को-ट्रायमोक्साझोल वापरतात. यात दोन औषधे एकत्र असतात. जंतूंना जगायला फॉलिक आम्ल लागते आणि ते स्वतःच पायरीपायरीने तयार करतात. पहिले औषध त्यातली एक पायरी अडवते, दुसरे पुढची. आपण फॉलिक आम्ल अन्नातून घेतो, म्हणून पहिल्या औषधाची आपल्याला झळ लागत नाही. दुसरे औषध जंतूंच्या विकराला घट्ट चिकटते, आपल्या विकराला फारच सैल. त्यामुळे नेम जंतूंवर बसतो.

"प्रतिजैविके उगाच घेऊ नयेत" असे तुम्हाला नेहमी सांगतात, आणि ते अगदी बरोबर आहे. मग हा अपवाद का? निरोगी माणसाची कातडी जंतूंना स्वतःच आवर घालते, त्याला रोजच्या औषधाची गरज नसते. या रुग्णाची कातडी ते करू शकत नाही, म्हणून तेवढे काम औषधावर सोपवावे लागते. यातही धोका आहेच. जंतू औषधांना सरावतात. स्टॅफिलोकॉकसविरुद्ध मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आले आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारे जंतू सापडलेसुद्धा! म्हणून गळू झाले की पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध लागू पडेल हे पाहावे लागते.

दुसरे साधन कातडीवरच्या जंतूंची संख्या कमी ठेवण्याचे. काही रुग्णांना डॉक्टर आठवड्यातून दोनतीनदा अतिशय सौम्य ब्लीचच्या पाण्यात काही मिनिटे बसायला सांगतात. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने याचाच अर्ध्या टक्क्याचा द्राव वापरात आणला होता. स्नानाच्या पाण्यात त्याचे प्रमाण सुमारे ०.००५ टक्के, म्हणजे डेकिनच्या द्रावाच्या शंभराव्या हिश्शाएवढे असते. गंमत अशी की आपल्या न्यूट्रोफिल पेशी गिळलेला जंतू मारताना याच घराण्यातले हायपोक्लोरस आम्ल तयार करतात. अर्थात हा प्रयोग घरी मुळीच करू नका. बाटलीतले ब्लीच कातडी व डोळे जाळते, आणि आम्लाशी मिसळले तर त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

इसबाचीही नीट काळजी घ्यावी लागते. खाजवून फाटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडलेले दार. म्हणून कातडी मऊ ठेवणारी मलमे आणि दाह शमवणारी औषधे द्यावी लागतात. टी-एच-१७ पेशी बुरशीवरही पहारा ठेवत असल्यामुळे या रुग्णांच्या तोंडात व नखांत बुरशी वाढते. तिच्यासाठी निराळी औषधे असतात.

आणि तरीही गळू झालेच तर? तर शल्यवैद्यांचा जुना नियम : पू असेल तेथून तो बाहेर काढावा. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथे नीट पोचत नाही. आपले गळू इतके ठणकते की आपण आपण होऊन दवाखाना गाठतो. या रुग्णाला मात्र न दुखणाऱ्या गाठीसाठी डॉक्टरांकडे जायला शिकावे लागते. रोज अंग चाचपून पाहायचे, लहानशी गाठही लपवायची नाही, ही शिस्त त्याला आणि त्याच्या घरच्यांना लावून घ्यावी लागते.

सूचना देण्याचे काम डॉक्टरांनीही करायचे असते. या रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी ताप नसू शकतो, चेहरा आजारी दिसत नाही. "बरा दिसतो आहे, दोन दिवस वाट पाहू," असे म्हणून चालत नाही. लगेच छातीची क्ष-किरण तपासणी करावी लागते. कारण न्यूमोनिया बरा होतानाच फुप्फुसात पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत बुरशी घर करते. कातडीची गळवे नियमित उपचारांनी पुष्कळच आटोक्यात राहतात. जिवाला खरा धोका फुप्फुसांकडून असतो.

सबंध मगजच बदलला तर? निरोगी दात्याच्या मगजातील मूळ पेशी रुग्णाला देण्याचा उपाय काही रुग्णांत केला आहे. सुरुवातीचे अनुभव निराशाजनक होते, पुढे काही रुग्णांना त्याचा चांगला उपयोग झाला. पण मगज बदलल्याने फक्त रक्तातल्या पेशी बदलतात. हाडे, दात, श्वासनलिकांचे अस्तर आणि कातडी यांतला स्टॅट-३ जुनाच राहतो. शिवाय या उपचाराचे स्वतःचे धोके मोठे आहेत. म्हणून कोणाला तो द्यावा, याचा निर्णय प्रत्येक रुग्णाचा निराळा विचार करून घेतात.

घाबरायचे नाही, पण दुर्लक्षही नको

हे वाचून कोणी आपल्या केसतुडाकडे संशयाने पाहू लागेल. तसे करण्याचे कारण नाही. वर्षाकाठी एखादे लाल, ठणकणारे गळू होणे म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती जागी असल्याचीच खूण आहे. ते दाबून फोडू नये, हात स्वच्छ ठेवावेत, दुसऱ्याचा टॉवेल वापरू नये, आणि गळू मोठे असेल, चेहऱ्यावर असेल किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे, एवढे पुरे.

रक्तात आय-जी-ई वाढलेले निघाले म्हणूनही लगेच हा रोग ठरत नाही. पोटात जंत झाले, इसब किंवा दमा असला, तरी ते वाढते. जोबच्या विकारात ते प्रति मिलिलिटर २,००० एककांच्या वर, कित्येकदा दहा हजारांच्याही पुढे जाते, पण वय वाढल्यावर ते उतरूही शकते. शेवटचा निर्णय जनुकाची तपासणी देते. अशा दुर्मिळ प्रतिकारदोषांच्या तपासण्या आपल्या देशातही होतात. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आणि चंडीगढची पदव्युत्तर वैद्यकीय संस्था या क्षेत्रात काम करतात.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. वर्गातील एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा मोठी गळवे होतात, वर्षात दोनदा न्यूमोनिया होतो, तान्हेपणापासून इसब जात नाही, बारातेरा वर्षांचा झाला तरी दुधाचे दात तसेच आहेत, असे एकत्र दिसले, तर पालकांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायला सुचवा. असे मूल वर्गात पुष्कळदा चेष्टेचा विषय होते. 'घाणेरडा राहतो म्हणून फोड येतात' असे त्याला ऐकवले जाते. खरे तर तो इतरांपेक्षा अधिक स्वच्छ राहत असेल. त्याचा विकार त्याच्यापासून कोणाला लागतही नाही, कारण तो जनुकातला दोष आहे.

आता लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा. मानेवर पेरूएवढे गळू, पण लाली नाही, ठणका नाही, ताप नाही. हे लक्षण चांगले की वाईट? आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमचे स्वतःचे गळू रात्रभर ठणकू लागेल तेव्हा त्याला शिव्या जरूर द्या, पण एवढे आठवा : दारावर आलेला निरोप आत पोचला आहे, आणि दोन्ही भोई आपले काम चोख करीत आहेत.